आफ्रिकी मौखिक कथांचे संकलन : पूर्वतयारीचे समीक्षामूल्य

प्रस्तावना

लोककथेच्या अभ्यासात संकलन हा प्राथमिक टप्पा व समीक्षा हा त्यानंतरचा, अशी विभागणी सर्वसाधारणपणे गृहीत धरली जाते. आफ्रिकेतील मौखिक कथांच्या संकलनाचा इतिहास पाहता ही विभागणी टिकत नाही. संकलक कोणत्या तयारीनिशी कथकासमोर बसतो, यावरच कथेतील काय कागदावर उतरणार आणि काय कायमचे निसटणार हे ठरते. प्रस्तुत लेखात दोन संग्रहांच्या आधारे या मुद्द्याचा विचार केला आहे.

केपटाउन येथील वह्या

जर्मन भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक व त्यांच्या मेहुणी ल्युसी लॉइड यांनी १८७० पासून केपटाउन येथे खाम या सान भाषेतील कथा नोंदविल्या. त्यांची भाषिक तयारी असामान्य होती. मूळ शब्द व इंग्रजी भाषांतर त्यांनी शेजारी शेजारी लिहिले. निवडक भाग १९११ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. खाम भाषा आज लुप्त झाली आहे. त्यामुळे या वह्यांचे मोल वादातीत आहे.

तथापि प्रमुख कथकांपैकी बहुतेक जण ब्रेकवॉटर तुरुंगातून आलेले कैदी होते. काब्बो हा वृद्ध कथक ब्लीक यांच्या घरी राहून कथा सांगत असे. गावी परतून आपल्या माणसांच्या कथा ऐकण्याची ओढ त्याने बोलून दाखविली आणि तीही त्याच वह्यांत नोंदली गेली. येथे सांगणारा होता, लिहिणारा होता. ऐकणारा समाज मात्र नव्हता. काब्बोची ही ओढ म्हणजे त्या संकलनपद्धतीवरील पहिले भाष्यच होय.

लिंबा कथा आणि हुंकार

रूथ फिनेगन यांनी १९६० च्या दशकात सिएरा लिओनमधील लिंबा समाजात राहून कथा संकलित केल्या. त्यांचा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. लिंबा कथक श्रोत्यांतील एखाद्या मित्राला प्रतिसाद देण्यास सांगतो. मराठीत ज्याला हुंकार देणे म्हणतात, त्याच्याशी याचे साम्य आहे. कथेची लय या हुंकारावर पेलली जाते. हे ठाऊक नसलेला संकलक हुंकार व पुनरुक्ती यांना दोष समजून गाळून टाकतो. स्वर, नक्कल आणि गाणे छापील पृष्ठावर हरवते, याची जाणीव फिनेगन यांना होती. १९७० च्या आफ्रिकी मौखिक साहित्यावरील ग्रंथात त्यांनी सादरीकरणालाच केंद्रस्थान दिले.

मात्र याच ग्रंथात आफ्रिकेतील महाकाव्याच्या अस्तित्वाविषयी त्यांनी शंका व्यक्त केली. इसिडोर ओक्पेव्हो यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात तिचे खंडन केले. क्षेत्रकार्याची उत्तम तयारी असलेला अभ्यासकही बाहेरून आणलेल्या वाङ्मयप्रकारांच्या चौकटीतून पूर्णतः सुटत नाही, हे येथे दिसून येते.

समारोप

तात्पर्य, पूर्वतयारी म्हणजे केवळ ध्वनिमुद्रक आणि प्रश्नावली नव्हे. भाषेचा अभ्यास, कथनाची वेळ व प्रसंग यांची माहिती, श्रोत्यांची उपस्थिती, कथकाची संमती, त्याच्या नावाची नोंद आणि स्वतःच्या साहित्यिक निकषांची तपासणी या सर्वांचा तीत समावेश होतो. कथा परत तिच्या समाजापर्यंत कशी पोहोचेल, हा प्रश्नही निघण्यापूर्वीच विचारावयास हवा. अन्यथा संग्रहात कथा उरेल, परंतु तिला हुंकार देणारा कोणी उरणार नाही.