डाग आणि वण

मुरुमांच्या खुणा घालवणाऱ्या मलमांच्या जाहिराती पूर्वी वर्तमानपत्रात असत, आता त्या विद्यार्थ्यांच्या हातातल्या मोबाइलवर येतात. आठवी ते दहावीच्या वयात मुरुम ही फार सर्वसाधारण गोष्ट असल्याने मुले त्या मन लावून पाहतात. म्हणून आम्ही या जाहिरातींकडे विज्ञानाचा एक पाठ म्हणून पाहिले. आमचे त्यावर तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप भाषेचा. या पाठात सर्व खुणांना 'डाग' हा एकच शब्द आहे. आपल्या भाषेत मात्र दोन आहेत. डाग म्हणजे रंगातला फरक आणि वण म्हणजे जखम भरल्यावर राहिलेली खूण. देवीची साथ पाहिलेल्या पिढीला हा भेद समजावून सांगावा लागत नसे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. पण त्याआधी ज्यांना देवी येऊन गेल्या, त्यांच्या चेहऱ्यावरचे वण जन्मभर राहिले.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, त्वचेच्या थरांचा आहे. मुरुमाच्या जागी दाह झाला की तेथे मेलॅनिन जास्त तयार होते आणि काळपट डाग पडतो. चेहऱ्याची बाह्यत्वचा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची असते व ती सतत नवी होत राहते. त्यामुळे रंग वरच्या थरात असेल तर डाग काही महिन्यांत आपोआप फिका होतो. वण पडतो तो खाली, अंतस्त्वचेत. तैलग्रंथीची नलिका फुटून दाह खोल गेला की तेथील कोलॅजेनचे तंतू नष्ट होतात आणि भरून येताना ऊती कमी पडतात. तेथे खड्डा राहतो. आपोआप जाणारा डाग मलमाच्या नावावर जमा करायचा आणि त्याच शब्दात खड्डाही गुंडाळायचा, अशी ही युक्ती आहे.

दुसरा आक्षेप 'आधी' आणि 'नंतर' अशा जोडचित्रांवर. याची परीक्षा वर्गातच घेता येईल. कणकेचा गोळा सपाट करा, त्यात नखाने दोन-तीन खड्डे पाडा आणि शेजारी हळदीचा ठिपका लावा. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने धरा. खड्डे ठळक दिसतील, कारण त्यांत सावली पडते. आता टॉर्च डोळ्यांच्या रेषेत समोरून धरा. खड्डे जवळजवळ नाहीसे होतील, ठिपका मात्र तसाच राहील. कणकेला कोणतेही मलम न लावता आपण 'आधी' आणि 'नंतर' तयार केले! दोन्ही चित्रांत प्रकाशाची दिशा एकच आहे का, हा प्रश्न मुलांनी विचारायला शिकले पाहिजे.

तिसरा आक्षेप मुदतीवर. बाह्यत्वचा नवी व्हायलाच साधारण चार आठवडे किंवा अधिक लागतात. मग आठवड्याभरात चेहरा निष्कलंक कसा होणार? झटपट गुण देणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने लाली तात्पुरती ओसरते, पण पुढे त्वचा पातळ होते आणि मुरुम वाढतात. सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली, ती याच गैरवापरामुळे.

जाहिरातीतले सगळेच खोटे असते असे नाही. उन्हापासून संरक्षण केल्यास डाग गडद होत नाहीत, हे खरे आहे. ॲझेलाइक ॲसिडसारख्या द्रव्यांनी डाग लवकर फिके होतात. रेटिनॉइड मलमांनी उथळ वण थोडे सौम्य होऊ शकतात. परंतु खोल वणांचे काम त्वचारोगतज्ज्ञाचे आहे. अरुंद, खोल खड्ड्यात तीव्र आम्लाचा थेंब सोडतात. खालून ओढला गेलेला पसरट वण सुईने मोकळा करतात. लेसरने किंवा बारीक सुयांनी नवे कोलॅजेन तयार व्हायला चालना देतात. याला अनेक बैठका आणि बराच पैसा लागतो. सावळ्या त्वचेवर उपचारानेच नवे डाग पडण्याचा धोकाही असतो. शेवटी वण कमी दिसतो. पुसला जात नाही.

म्हणूनच ही जाहिरात आम्हाला नुसती अतिशयोक्त वाटत नाही, ती हानिकारक वाटते. खुणा नंतर पुसता येतील असे मुलाला वाटले, तर आजचा मुरुम दुर्लक्षित राहतो. वण टाळण्याची खरी संधी तर तेव्हाच असते. मुरुम न फोडणे, लिंबू वा टूथपेस्ट न चोळणे आणि गाठी होऊ लागल्या तर लवकर डॉक्टरांकडे जाणे, एवढे तरी मुलांना माहीत हवे.

यात आपलीही एक चूक आहे. त्वचेच्या छेदाची आकृती आपण दरवर्षी गुणांसाठी काढून घेतो. डाग कोणत्या थरात आणि वण कोणत्या थरात, हे त्याच आकृतीवर दाखवत नाही. उलट 'चेहरा नीट धूत नाहीस' असे सहज बोलून जातो. मुरुम अस्वच्छतेने होत नाहीत. त्यामागे संप्रेरके, तैलग्रंथी, आनुवंशिकता अशी कारणे असतात. गालावर हात ठेवून बसणाऱ्या मुलाला हे शिक्षकाच्या तोंडून ऐकायला मिळाले, तर ते लपवण्याऐवजी वेळेवर विचारील. पुढच्या वेळी ती आकृती फळ्यावर काढाल, तेव्हा या दोन शब्दांसाठी दोन बाण अवश्य काढा.