अवशिष्ट श्रवणाचे रक्षण : औषधयोजनेच्या दाव्यांची समीक्षा

‘तू आलास.’ हे विधान आणि ‘तू आलास?’ हा प्रश्न यांतील भेद मराठीत केवळ सुराच्या चढउतारावरून कळतो. कॉक्लिअर इम्प्लांट शब्द पुष्कळसे पोहोचविते. परंतु सुराच्या बाबतीत ते दुबळे आहे. सूर ओळखण्यास खालच्या पट्टीतील नैसर्गिक श्रवण फार उपयोगी पडते. शस्त्रक्रियेपूर्वी उरलेले हे अल्पस्वल्प श्रवण टिकविण्याची धडपड म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. फ्रँकफुर्टच्या फॉन इल्बर्ग यांनी १९९९ साली एकाच कानात इम्प्लांट व श्रवणयंत्र यांचा संयुक्त उपयोग मांडला, तेव्हापासून या विषयास विशेष महत्त्व आले.

शस्त्रक्रियेने होणारी हानी दुहेरी असते. इलेक्ट्रोडची तार अंतःकर्णात शिरताना नाजूक पडद्यांना तत्काळ इजा पोहोचू शकते. पुढे दाह, केशपेशींचा नाश आणि तारेभोवती तंतुमय ऊतींची वाढ यांमुळे आठवड्यांनी वा महिन्यांनीही श्रवण घटते. पहिल्या हानीवर उपाय शस्त्रवैद्याच्या हाती आहे. दुसरीसाठी मुख्यतः डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारख्या स्टेरॉइडांचा आधार घेतला जातो. ती तोंडावाटे, शिरेतून, मध्यकर्णात किंवा गोल गवाक्षावर दिली जातात. औषध हळूहळू पाझरणारी तारही मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचली आहे.

गिनीपिगांवरील अनेक प्रयोगांत या औषधांचा लाभ दिसून आला. तथापि त्यावरून मानवाविषयी निष्कर्ष काढताना सावधगिरी हवी. गोल गवाक्षावर ठेवलेले औषध अंतःकर्णाच्या तळाशी दाट व शिखराकडे अगदी विरळ पोहोचते. वाचवावयाचे श्रवण मात्र शिखराकडील भागाचे असते. तळाशी उद्भवणारा दाह शमला तरी त्याचा अप्रत्यक्ष लाभ होऊ शकतो, हे खरे. पण गिनीपिगाचा अंतःकर्ण मानवाच्या मानाने लहान असल्याने तेथील यश जसेच्या तसे येथे लागू करता येत नाही. शिवाय रुग्णांवरील अभ्यासांत तार, शस्त्रवैद्याचे कौशल्य, औषधाची मात्रा व कालावधी हे सारेच एकमेकांहून भिन्न असते. त्यातून औषधाचा वाटा वेगळा काढणे दुष्कर होते.

दुसरा आक्षेप मापनाविषयी आहे. २०१३ साली मांडल्या गेलेल्या एका प्रचलित वर्गीकरणात, शस्त्रक्रियेपूर्वी जेवढे श्रवण गमावणे शक्य होते त्याच्या तुलनेत किती टिकले, हे टक्क्यांत सांगितले जाते. ७५ टक्क्यांहून अधिक टिकल्यास त्यास ‘पूर्ण रक्षण’ म्हणतात. यंत्राची कमाल मर्यादा १२० डेसिबल धरल्यास, ६० डेसिबलवरून ७२ वर गेलेला रुग्ण आणि १०० वरून १०४ वर गेलेला रुग्ण, दोघांचेही रक्षण ८० टक्केच ठरते. पहिल्याचे श्रवण आजही श्रवणयंत्राने उपयोगात आणता येते. दुसऱ्याकडे टिकविण्याजोगे मुळातच फार थोडे होते. यशाची संज्ञा एक, परंतु जीवनातील अर्थ दोन!

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर तालुक्याच्या एखाद्या बालकाचा विचार केला म्हणजे या आक्षेपांचे गांभीर्य ध्यानी येते. केंद्र शासनाच्या एडिप योजनेखाली जन्मजात बहिरेपणासाठी ५ वर्षांपर्यंतच्या बालकांना इम्प्लांट मिळू शकते. परंतु रक्षणाचे पुष्कळसे पुरावे खालच्या पट्टीचे श्रवण शिल्लक असलेल्या प्रौढांचे आहेत. लहान मूल ‘ऐकू आले’ असे सांगू शकत नाही. त्याची चाचणी मेंदूकडे जाणाऱ्या विद्युत्‌लहरींवरून होते. क्लिक ध्वनीने केलेली अशी चाचणी मुख्यतः वरच्या पट्टीविषयी सांगते. तीत प्रतिसाद मिळाला नाही, एवढ्यावरून खालच्या पट्टीचे श्रवण नाहीच, असे ठरत नाही.

यास्तव औषध द्यावे की न द्यावे, या वादाआधी एक साधी गोष्ट आवश्यक आहे. शस्त्रक्रियेपूर्वी खालच्या पट्टीची स्वतंत्र नोंद व्हावी, आणि तीच तपासणी महिन्याने व वर्षाने पुन्हा व्हावी. गंगापूरहून वारंवार शहरात येणे कुटुंबास जड जाते. म्हणून ही तपासणी उपचाराचाच भाग मानली गेली पाहिजे. जे आधी मोजले नाही, ते वाचले की गमावले, हे कोणतेही औषध सांगू शकणार नाही.