ग्रे, आयलीन

ग्रे, आयलीन : (९ ऑगस्ट १८७८–३१ ऑक्टोबर १९७६). आधुनिक वास्तुकलेच्या जडणघडणीत मोलाची भर घालणारी आयरिश वास्तुशिल्पज्ञ व फर्निचर-रचनाकार. जन्म आयर्लंडमधील वेक्सफर्ड परगण्यात, एनिस्कॉर्थीजवळील ब्राउन्सवुड येथे, एका सधन कुटुंबात. वडील जेम्स मॅक्लारेन स्मिथ हे चित्रकार होते. आईकडे सरदारकीचा वारसा आल्यानंतर मुलांनी ‘ग्रे’ हे आडनाव धारण केले. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिक्षण घेतल्यावर ती १९०२ मध्ये पॅरिसला गेली आणि पुढील आयुष्य तिने मुख्यतः फ्रान्समध्येच व्यतीत केले. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण तिने घेतले नव्हते. ही तिची उणीव मानण्यापेक्षा तिच्या दृष्टीचे उगमस्थान मानणे अधिक योग्य ठरेल. कारण वस्तू, खोली व मग घर अशा क्रमाने ती वास्तुकलेकडे वळली.

पॅरिसमध्ये सुगावारा सेइझो या जपानी कारागिराकडून तिने लाखकामाची कला आत्मसात केली. भारतीय लाख कीटकजन्य असते. जपानी लाखकामात मात्र एका वृक्षाच्या चिकाचे अनेक पातळ थर एकावर एक चढवितात व प्रत्येक थर दमट हवेत वाळवून घासतात. या कामाला लागणारी चिकाटी व पृष्ठभागाविषयीची सूक्ष्म जाण तिच्या पुढील सर्व निर्मितीत दिसून येते. १९१३ मधील प्रदर्शनामुळे झाक दूसे या प्रसिद्ध वेशभूषाकार-संग्राहकाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. ‘नियती’ या अर्थाच्या शीर्षकाची तिची घडीची पडदी त्याने विकत घेतली. १९२२ मध्ये तिने पॅरिसमध्ये ‘झां देझेर’ हे दालन उघडले. ते १९३० मध्ये बंद झाले. १९२३ मध्ये तिने मांडलेल्या एका शयनगृहाची फ्रेंच समीक्षकांनी टर उडविली, तर डच आधुनिक कलावंतांनी त्याचे स्वागत केले. याच सुमारास तिचा कल अलंकरणाकडून वास्तुरचनेकडे वळला.

झां बादोव्हिची या रूमानियन वास्तुशिल्पज्ञ-संपादकाच्या प्रोत्साहनाने तिने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तँ येथे ‘ई–१०२७’ हे घर उभारले (१९२६–२९). ‘ई’ हे आयलीनचे आद्याक्षर असून १०, २ व ७ हे आकडे रोमन वर्णमालेतील जे, बी व जी या अक्षरांचे क्रमांक होत. खांबांवर उचललेला भाग, सपाट छप्पर व लांबट खिडक्या यांमुळे हे घर ल कॉर्ब्यूझ्येच्या तत्त्वांचे अनुसरण करते, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि त्याचा गाभा वेगळा आहे. सूर्याची दिशा, समुद्रावरचा वारा, निजणाऱ्याची वा वाचणाऱ्याची सोय यांनुसार येथे प्रत्येक झडप, कपाट व दिवा योजिलेला आहे. अंथरुणावर बसून न्याहारी करता यावी म्हणून उंची कमीजास्त करता येणारे पोलादी नळीचे व काचेचे मेज तिने याच घरासाठी घडविले. घर हे राहण्याचे यंत्र होय, हे सूत्र तिला मान्य नव्हते. माणसाच्या आंतरिक जीवनाशी ते सुसंगत असावे, असा तिचा आग्रह होता. जहाजावरील आरामखुर्चीवरून सुचलेली तिची ‘ट्रान्सॅट’ खुर्ची इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी आपल्या माणिकबाग राजवाड्यासाठी घेतली होती.

या घराचा पुढील इतिहास खेदजनक आहे. ग्रे तेथून निघून गेल्यानंतर, १९३८–३९ मध्ये, ल कॉर्ब्यूझ्येने बादोव्हिचीच्या संमतीने, परंतु तिला न विचारता, भिंतींवर मोठी चित्रे रंगविली. जेथे मोकळा पृष्ठभाग हाच रचनेचा घटक होता, तेथे ही भर म्हणजे तिच्या दृष्टीने विध्वंसच होता. पुढे ती चित्रे प्रसिद्ध करताना तिच्या नावाचा उल्लेखही झाला नाही आणि घराचे श्रेय अनेकदा इतरांना दिले गेले. बादोव्हिचीचा नेमका वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र घराची अंतर्गत योजना ग्रेचीच, याविषयी शंका नाही. १९९९ मध्ये फ्रान्सच्या सागरकिनारा संरक्षण संस्थेने घर ताब्यात घेतले व २०१५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. जीर्णोद्धारात बहुतेक भित्तिचित्रे राखण्यात आली. त्यामुळे मूळ कृती व तिच्यावरील आक्रमण ही दोन्ही आज एकत्रच पाहावी लागतात. एका विख्यात चित्रकर्त्याच्या कृतीचे जतन करताना मूळ रचनाकर्तीवर अन्याय होतो काय, हा प्रश्न त्यामुळे कायम राहिला आहे.

कास्तेलार येथे तिने स्वतःसाठी बांधलेले घर (१९३२–३४) अधिक साधे व परिपक्व आहे. कामगारांसाठी योजिलेले सुट्टी-केंद्र १९३७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात केवळ आराखड्याच्या रूपात मांडले गेले. दुसऱ्या महायुद्धात तिचे बरेच साहित्य नष्ट झाले व ती विस्मृतीत गेली. १९६८ मध्ये जोसेफ रिक्वर्ट याच्या लेखाने तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. १९७३ मध्ये आयर्लंडच्या वास्तुशिल्पज्ञ संस्थेने तिला सन्माननीय सदस्यत्व दिले. पॅरिस येथे तिचे निधन झाले.

प्रत्यक्ष उभारलेल्या वास्तूंची संख्या अत्यल्प असल्याने तिचा प्रभाव मर्यादित राहिला. तिचे बहुतेक आश्रयदाते धनिक होते आणि सामान्यांसाठी आखलेल्या योजना कागदावरच राहिल्या, ही तिच्या कार्यातील विसंगती नाकारता येत नाही. २००९ मध्ये तिची एक आरामखुर्ची २ कोटी युरोंहून अधिक किंमतीला विकली गेली, तेव्हा ही विसंगती ठळक झाली. तिचे खरे महत्त्व मात्र अशा किंमतीत नाही. आधुनिक वास्तुकलेची शिस्त न सोडता त्या वास्तूत राहणाऱ्या व्यक्तीच्या शरीराला व मनाला तिने रचनेच्या केंद्रस्थानी आणले, यातच ते सामावलेले आहे.