बारा लेख आणि तेरावा महिना

दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी ललितगद्याचा विषय निघाला की या पुस्तकाचे नाव आदराने घेतले जाते, आणि आदराने नाव घेतल्या जाणाऱ्या पुस्तकांचे जे होते तेच याचेही झाले आहे. ‘काव्यात्म निसर्गवर्णन’ असा शिक्का त्यावर बसला आणि पाठ्यपुस्तकात भेटलेल्या एखाद्या उताऱ्यावर वाचक समाधान मानू लागला. हा शिक्का मला अपुरा वाटतो. या लेखनातील आनंदाचे मूळ निरीक्षणाच्या काटेकोरपणात आहे, आणि ते पडताळून पाहायचे तर हे लेख एका बैठकीत न संपवता ज्या त्या महिन्यात वाचावे लागतात.

शके १९४५ मध्ये, म्हणजे मार्च २०२३ च्या गुढीपाडव्यापासून, मी तसे वाचन केले. चैत्रावरील लेखात पिंपळाच्या कोवळ्या पालवीइतकीच आस्था घाणेरीच्या वाट्याला आली आहे. जिच्या नावातच लोकांनी तिरस्कार भरून ठेवला, त्या झुडपाकडे लेखिका थांबून पाहते. ‘सुंदर’ ठरलेल्या वस्तूंपुरता हा आनंद मर्यादित नाही, म्हणूनच तो रोजच्या रस्त्यावर उपयोगी पडतो. ही दृष्टी सुखवस्तू माणसाच्या फावल्या वेळातून आली, असेही म्हणता येणार नाही. संशोधनासाठी जंगलात गेल्या असता झालेल्या विषबाधेने दुर्गाबाईंची उमेदीची काही वर्षे अंथरुणावर गेली होती.

दुर्गाबाईंचा जन्म इंदूरचा (१९१०), याचा आम्हां इंदूरकरांना अभिमान असतो. परंतु माड आणि फणस आमच्या माळव्यात कोठून दिसणार? शिवाय येथे पंचांगाचीही एक गंमत आहे. आमचा महिना अमावास्येला संपतो, हिंदीभाषक शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. गुरुपौर्णिमा झाली की त्यांचा सावन लागतो, आणि मी मात्र पुढचे पंधरा दिवस आषाढाचाच लेख उघडून बसलेलो. गोकुळाष्टमी आमच्या श्रावणातली, त्यांच्या भाद्रपदातली; दिवस तोच. मराठी महिन्यांची नावे ज्या घरांत आता केवळ सणापुरती उच्चारली जातात, तेथे हे पुस्तक कालगणनेची एक हरवू लागलेली भाषा परत हाती देते. मला वाटते, महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला ते अधिक जवळचे वाटण्याचे कारण हेच असावे.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. पुस्तकात बारा लेख. तेराव्या महिन्याला लेख नाही. वाचायला काही नव्हते म्हणून पाहत राहिलो. गच्चीच्या कठड्याच्या फटीत पिंपळाचे रोप उगवले होते. त्याच्या नव्या पानाचा तांबूस रंग चैत्रात वाचला होता, तो पावसाळ्यातही तसाच निघाला.

खरी परीक्षा पुढे झाली. ऑगस्ट २०२३ हा देशातील नोंदींच्या इतिहासातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. निज श्रावण लागला तो उघडीप घेऊनच, आणि इंदुरात पाऊस कोसळला तो सप्टेंबरच्या मध्याला, तो महिना सरत असताना. ऋतूच जागचे हलू लागले तर महिन्यांच्या नावांवर उभ्या असलेल्या या पुस्तकाचे काय? हा प्रश्न आज टाळता येत नाही. श्रावणाचा लेख त्या कोरड्या उन्हात वाचताना प्रथम परका वाटला, हे खरे. पण दुर्गाबाई महिन्याचा ठराविक देखावा रंगवून थांबत नाहीत; पालवीबरोबर पानगळ, बहराबरोबर कुजणे यांचीही त्या नोंद घेतात. अशा नजरेला न आलेला पाऊसही दिसतो: सुकत चाललेला टाकळा दिसतो, भेगाळू लागलेली काळी माती दिसते. आनंद तेथे उरतो का? मला तरी तो उरलेला वाटला, मात्र त्यात काळजी मिसळली होती.

उणीव सांगायची तर विशेषणांची. काही ठिकाणी ती इतकी दाटतात की झाड मागे पडते आणि शब्द पुढे येतात. ‘काव्यात्म’ म्हणणाऱ्यांना आधार मिळतो तो याच जागी. मला व्यक्तिशः ‘पैस’मधील गद्य अधिक सकस वाटते. १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच पुस्तकाला मिळाला.

ज्यांना असे वाचन करायचे आहे, त्यांनी पाडव्याची वाट पाहू नये. लेख स्वतंत्र आहेत. चालू महिन्याच्या लेखापासून सुरुवात करता येते.