शोधयंत्रासाठी लिहिलेली मराठी : सामान्यरूपाचा प्रश्न

संकेतस्थळांसाठी लिहिला जाणारा मजकूर हा मराठी गद्याचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून गेल्या दोन दशकांत रूढ झाला आहे. आजचा सामान्य वाचक कादंबरीपेक्षा किंवा अग्रलेखापेक्षा हेच गद्य अधिक वेळा वाचत असावा. तथापि वाङ्मयसमीक्षकांचे लक्ष त्याकडे जात नाही आणि भाषाभ्यासकांचे क्वचितच जाते. या गद्याला दोन ग्राहक असतात : ज्याला काही जाणून घ्यावयाचे आहे असा मनुष्य, आणि त्या मनुष्यापुढे कोणते पान आधी ठेवावे हे ठरविणारे शोधयंत्र. दोघांनाही संतुष्ट करण्याच्या विद्येस व्यवसायात ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ किंवा संक्षेपाने ‘एसईओ’ म्हणतात. यंत्रासाठी लिहिल्यामुळे भाषा बिघडते, असा या गद्यावर नेहमीचा आक्षेप आहे. त्यातील तक्रार खरी आहे, निदान मात्र अपुरे आहे. मराठी मजकूरलेखक ज्या यंत्राला भिऊन लिहितो ते इंग्रजी शब्दांची मोजदाद करणारे यंत्र आहे, आणि त्या रूपात ते आता उरलेलेही नाही.

उदाहरणासाठी सातबारा उताऱ्याविषयीची पाने घेणे सोयीचे होईल. महाराष्ट्रातील जमीनधारकाला या कागदाची गरज वारंवार पडते, म्हणून या विषयावरील पानांची संख्याही मोठी आहे. त्यांचा आरंभ साधारणतः पुढील धर्तीचा असतो (वाक्ये येथे नमुन्यादाखल रचली आहेत) : “सातबारा उतारा ऑनलाइन कसा पाहावा? मित्रांनो, आज आपण सातबारा उतारा ऑनलाइन कसा पाहावा याबद्दल संपूर्ण माहिती पाहणार आहोत. सातबारा उतारा हा शेतकऱ्यांसाठी अत्यंत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. सातबारा उतारा मध्ये जमिनीची माहिती असते. सातबारा उतारा साठी आता तलाठी कार्यालय मध्ये जाण्याची गरज नाही. सातबारा उतारा चे फायदे पुढीलप्रमाणे आहेत.”

‘मित्रांनो’ या संबोधनाने शालेय वक्तृत्वस्पर्धेची आठवण होते, ती बाजूस ठेवू. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, सहा वाक्यांत एकच जोडी सहा वेळा आली आहे आणि सहाही वेळा तिचे रूप यत्किंचितही बदललेले नाही. मराठी वाक्यात असे होत नाही. शब्दयोगी अव्यय किंवा विभक्तिप्रत्यय जोडण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते : उतारा, उताऱ्यात, उताऱ्यासाठी, उताऱ्याचे. नमुन्यातील लेखकाने सामान्यरूप टाळले आणि ते टाळता यावे म्हणून ‘मध्ये’, ‘साठी’, इतकेच नव्हे तर ‘चे’ हा निखळ प्रत्ययसुद्धा नामापासून तोडून वेगळा लिहिला. हे अज्ञान म्हणावे, तर त्याच परिच्छेदात ‘शेतकऱ्यांसाठी’ आणि ‘जमिनीची’ ही रूपे निर्दोष आहेत. व्याकरण लेखकास अवगत आहे. ज्या शब्दांवर यंत्राची दृष्टी पडेल अशी त्याची समजूत आहे, तेथेच तो ते सोडून देतो. (‘कार्यालय मध्ये’ हा मात्र लागलेल्या सवयीचा परिणाम दिसतो, तेथे यंत्राचाही धाक नव्हता.) दुसरा दोष सर्वनामांचा. एकदा नामनिर्देश झाल्यावर मराठी वाक्य ‘त्यात’, ‘त्यासाठी’ असे पुढे जाते, किंबहुना पुष्कळदा कर्ता गाळूनच चालते. येथे प्रत्येक वाक्य जणू पहिलेच वाक्य असल्यासारखे उभे राहते, आणि परिच्छेद पुढे सरकतच नाही.

येथे एक भेद करणे अवश्य आहे. नामांचे अविकृत रूपात शेजारी येणे हे मराठीला मुळीच परके नाही. पीकविमा, बाजारभाव, घरभाडे, किंवा खुद्द ‘सातबारा उतारा’ हे समास आहेत आणि समासातील पूर्वपद सामान्यरूप न घेता येऊ शकते. म्हणून ‘कापूस बाजारभाव’ असा मथळा पाहून संतापण्याचे कारण नाही. बाजारसमितीचा फलकही तसाच लिहिला जातो. आक्षेप येतो तो प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याच्या जागी. ‘कापूस बाजारभाव’ चालेल, ‘कापूस चा बाजारभाव’ चालणार नाही.

ही सवय आली कोठून, हे पाहिले म्हणजे लेखकाविषयीचा राग बराचसा ओसरतो. लेखातील शब्दांच्या वारंवारतेवरून त्याचा आशय यंत्राने ओळखावा, हा विचार आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये मांडला. जो शब्द थोड्याच लेखांत आढळतो तो लेख निवडण्यास अधिक उपयोगी, ही त्याला पूरक असलेली कल्पना कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. पुढील शोधतंत्रांचा मोठा भाग या दोन कल्पनांवर उभा आहे, आणि दोन्ही मुख्यतः इंग्रजी मजकुरावर पारखल्या गेल्या. इंग्रजी नामाची लिखित रूपे दोनतीन असतात. विभक्तीचे काम स्वतंत्र लिहिलेली अव्यये करतात. तेथे ‘कीवर्ड जसाच्या तसा ठेवा’ हा सल्ला पाळला तरी वाक्याला फारशी इजा होत नाही. मराठीत ‘उतारा’ या एका नामाची उताऱ्याचा, उताऱ्याला, उताऱ्यावर, उताऱ्यातील, उताऱ्यांमध्ये, उताऱ्यावरून अशी रूपे मोजू लागल्यास पन्नाशी सहज ओलांडली जाईल.

शिवाय केवळ शेवटचा भाग छाटून मूळ शब्द हाती लागेल असेही नाही. पीक या शब्दाचे ‘पिकाचा’ होताना पहिलाच स्वर ऱ्हस्व होतो, कापूसचे ‘कापसाचा’ होताना मधला ऊ लोपतो, पाऊसचे ‘पावसाचा’ होते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी उपान्त्य ई-ऊ सामान्यरूपाच्या वेळी ऱ्हस्व केले, पण तत्सम शब्दांना त्यातून वगळले. म्हणून ‘वकील’चे ‘वकिलाला’ आणि ‘शरीर’चे ‘शरीराला’. म्हणजे अक्षरे मोजणाऱ्या यंत्राला शब्दाची वंशावळही ठाऊक असावयास हवी! अशा यंत्रापुढे ‘उताऱ्यासाठी’ लिहिले तर ‘उतारा’ शोधणाऱ्याला ते पान सापडणार नाही, ही मराठी लेखकाची भीती एके काळी साधार होती, हे मान्य केले पाहिजे.

आज ती साधार आहे काय? भारतीय भाषांतील माहितीशोधाच्या परीक्षणासाठी ‘फायर’ हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला, तेव्हापासूनच मराठीचा त्यात समावेश होता, आणि शब्दमूळ शोधण्याच्या पद्धती मराठीवर पारखल्या गेल्या. पानाच्या शीर्षभागी छुपेपणाने दिलेल्या कीवर्डच्या यादीला क्रमवारीत स्थान नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. २०११ मध्ये ‘पांडा’ या नावाने झालेला बदल उथळ व पुनरुक्तिपूर्ण पानांना मागे सारण्यासाठी होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘बर्ट’ हे भाषाप्रतिमान इंग्रजी शोधासाठी वापरात आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते ७० हून अधिक भाषांना लागू झाले. त्यांत मराठी होती. अशा प्रतिमानात शब्दाचे लहान तुकडे आणि वाक्यातील त्यांचा शेजार या दोहोंचा विचार होतो. २०२२ मध्ये वाचकाच्या उपयोगाचा मजकूर वर आणण्यासाठी आणखी एक व्यवस्था आली, ती २०२४ मध्ये मुख्य क्रमवारीत विलीन झाली. कीवर्डची अनावश्यक पुनरावृत्ती तर गूगलच्या प्रकट धोरणात अपप्रकारांमध्येच गणली आहे. यंत्राला मराठी व्याकरण पूर्णपणे कळू लागले, असा दावा येथे अभिप्रेत नाही. शंभर शब्दांत कीवर्ड अमुक वेळा यावा, असे जे प्रमाण या व्यवसायात गुरुपरंपरेने सांगितले जाते त्याला शोधयंत्राच्या कोणत्याही जाहीर वचनाचा आधार नाही, एवढेच म्हणावयाचे आहे.

नमुन्यातील परिच्छेदाचा याहून गंभीर दोष शब्दनिवडीचा आहे, आणि येथे वाचकाची सोय व यंत्राची सोय ही एकच गोष्ट होऊन बसते. शासनाचा शब्द एक आणि लोकांचा शब्द दुसरा, ही महसुली व्यवहाराची जुनी अवस्था आहे. ज्याला सारा महाराष्ट्र ‘सातबारा’ म्हणतो तो गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक, आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, या दोहोंचा एकत्र उतारा होय. शेतकरी विचारतो, जमिनीवर बोजा आहे काय? उताऱ्यात ‘इतर अधिकार’ हा रकाना असतो आणि कर्जाची नोंद तेथे होते. शेतकरी सातबारा ‘काढतो’. पाने त्याला तो ‘डाउनलोड’ करावयास सांगतात. २०२४ मध्ये तलाठी या पदाला ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले. पण ज्याचे काम अडले आहे तो अजून तलाठीच शोधणार, आणि विदर्भातला कदाचित पटवारी. अशा ठिकाणी दोन्ही शब्द जवळ आणून त्यांचा संबंध सांगणे हे लेखकाचे पहिले काम. केवळ लोकांचा शब्द वापरणारे पान वाचकाला सापडेल, पण उताऱ्यावर नेमके कोठे पाहावे हे त्याला सांगणार नाही. केवळ शासकीय शब्द वापरणारे पान बरोबर असूनही सापडणार नाही. कोशकार पर्यायशब्द देताना जे करतो तेच हे काम आहे, आणि सहा वेळा ‘सातबारा उतारा’ म्हटल्याने ते होत नाही.

आता तोच आरंभ पुढीलप्रमाणे लिहिता येईल : “सातबारा नुसता पाहणे वेगळे आणि कामासाठी काढणे वेगळे. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर उतारा विनाशुल्क पाहता येतो; पण तो माहितीपुरताच असून कायदेशीर कामास चालत नाही. बँकेत किंवा न्यायालयात द्यावयाचा असेल, तर शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीची प्रत घ्यावी. जमिनीवर कर्जाचा बोजा आहे की नाही, हे गाव नमुना सातमधील ‘इतर अधिकार’ या रकान्यात दिसते.” येथे ‘सातबारा’ एकदा आणि ‘उतारा’ एकदा आला आहे. तरीही महाभूलेख, डिजिटल स्वाक्षरी, बोजा, इतर अधिकार यांपैकी कोणत्याही वाटेने येणाऱ्या जिज्ञासूला हे पान उपयोगी पडेल. पहिल्या नमुन्यात विनाशुल्क उताऱ्याची मर्यादा सांगितलेलीच नाही. प्रत्यक्षातील पानांत ती सांगितली असली तरी बहुधा तळाशी, फायद्यांच्या यादीनंतर येते. तेथवर न पोहोचलेला मनुष्य तो कागद घेऊन बँकेत जातो आणि परत पाठविला जातो. त्याचा दिवस वाया जाण्यास कारण कीवर्डची मोजणी झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. लेखकाला पानामागे मोबदला मिळतो आणि शब्दसंख्या आधीच ठरलेली असते, ही त्याची अडचण खरी आहे. पण शब्दसंख्या भरण्यास बोजा, फेरफार, वारसनोंद, आठ-अ असे कितीतरी विषय हाताशी असताना पुनरुक्तीच का निवडावी, हे कळत नाही.

यंत्रासाठी म्हणून जी काळजी खरोखर घ्यावयास हवी, तिच्याकडे मात्र दुर्लक्ष होते. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा ऱ संगणकावर दोन प्रकारे उमटतो. एका प्रकारात ऱ हा स्वतंत्र वर्ण व त्यापुढे हलन्त चिन्ह असते. दुसऱ्यात साधा र, हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, संकेतांच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द आहेत. ‘ॲप’ची स्थिती तशीच, ॲ हा स्वतंत्र वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यापूर्वीची लेखने अ या अक्षरावर चंद्र देऊन केलेली आहेत. एका स्थळावर तरी एकच पद्धत राखावी, एवढी अपेक्षा करावयास हरकत नाही.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अन्य कारणानेही जवळचा आहे. मराठीचे जे मोठे शब्दसंग्रह आज संशोधनासाठी वापरले जातात ते बव्हंशी संकेतस्थळांवरून गोळा केलेले असतात, आणि यंत्रांना मराठी शिकविण्यासाठी वापरला जाणारा मजकूरही तेथलाच. इंग्रजीच्या महासागरात अशी काही पाने विरून जातात. मराठीचा साठा तुलनेने लहान असल्यामुळे येथे त्यांचे प्रमाण जाणवते. अशा संग्रहात ‘उतारा साठी’, ‘योजना चे’, ‘अर्ज मध्ये’ हे प्रयोग वारंवारतेच्या बळावर प्रमाणप्रयोगांच्या पंक्तीस बसतात. सामान्यरूपाचा ऱ्हास होत आहे काय, हा प्रश्न बोलींच्या संदर्भात विचारण्याजोगा आहे. परंतु या संग्रहावरून त्याचे उत्तर काढू पाहणाऱ्याला बोलणाऱ्याच्या तोंडची मराठी आणि कीवर्डसाठी गोठविलेली मराठी आधी वेगळी करावी लागेल, आणि ‘शेतकऱ्यांना’ची दोन्ही रूपे एकत्र केल्यावाचून साध्या मोजणीलाही आरंभ करता येणार नाही.