झाडीपट्टीचं गाणं पदवीच्या परीक्षेत कधी बसणार?

दिवाळी तोंडावर आली की देसाईगंजात, लोकांच्या तोंडी अजूनही वडशात, नाटक कंपन्यांच्या कार्यालयांपुढे गावोगावच्या मंडळांची ये-जा वाढते. कोणत्या गावाला, कोणत्या तारखेला, कोणतं नाटक हे तिथे ठरतं. मग होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, रात्रीमागून रात्री प्रयोग होतात. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. रंगमंचाच्या कडेला बसलेल्या वादकांना या सगळ्या वेळात डोळा लावायची सोय नसते. नटाने ऐनवेळी वरचा सूर लावला तर ऑर्गनवाल्याला तो पकडावा लागतो. संवादाचा शब्द अडला तर तबलेवाला दोन आवर्तनं भरून काढतो. हे सगळं तो शिकलेला असतो आणि शिकायला त्याला दहा-बारा हंगाम लागलेले असतात. त्याला कुणी गुणपत्रिका दिलेली नसते, एवढंच.

संगीत सादरीकरणाची पदवी म्हणजे तरी काय? श्रोत्यांपुढे बसून, चुका सावरत, दुसऱ्या कलावंताचं ऐकत गाणं-वाजवणं उभं करण्याची तालीम. ती या चार जिल्ह्यांत दर हिवाळ्यात होत असते. तरीही बारावी झालेली इथली मुलगी संगीत घेऊन बी.ए. करायचं म्हणते, तेव्हा तिच्या हाती पडणारा अभ्यासक्रम या तालमीची ओळखही दाखवत नाही.

विदर्भातल्या कला महाविद्यालयांत जिथे संगीत शिकवलं जातं, तिथे ते बहुधा बी.ए.च्या तीन-चार विषयांपैकी एक म्हणून शिकवलं जातं. आठवड्याच्या काही तासिका, एक लेखी पेपर, एक प्रात्यक्षिक. लेखी पेपरात श्रुती, स्वर, दहा थाट, रागांच्या व्याख्या, स्वरलिपी आणि संगीतकारांची चरित्रं. प्रात्यक्षिकात यमन, भूप, भैरव, भीमपलासी, बागेश्री. विलंबित आणि छोटा ख्याल. त्रिताल, एकताल, झपताल हातावर. बाहेरून आलेले परीक्षक थोड्या वेळात प्रत्येकाचं ऐकतात, दोन प्रश्न विचारतात आणि पुढच्याला बोलावतात. या सगळ्यात श्रोता कुठेच नसतो. ज्याला सादरीकरण म्हणतात, ते परीक्षेच्या खोलीत घडूच शकत नाही.

ही चौकट दोन थोर माणसांच्या कामातून आली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यपरंपरेने पुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारलं आणि प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षांची शिडी गावोगाव पोचवली. विष्णु नारायण भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग दिले, थाटांची मांडणी दिली, स्वरलिपी दिली. आज चंद्रपूरच्या एखाद्या गल्लीत हार्मोनियमवर ‘सा’ धरून बसलेली दहा वर्षांची पोर या दोघांमुळेच तिथे बसलेली आहे. त्यांचं ऋण मोठं आहे.

पण भातखंड्यांच्या कामाचा एक भाग विद्यापीठांनी उचललाच नाही. ते पेशाने वकील होते. १९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले, पुढेही देशभर फिरले. संस्थानांतल्या उस्तादांकडे बसून, विनवण्या करून, ऐकून त्यांनी शेकडो बंदिशी गोळा केल्या. जे जिथे गायलं जात होतं, तिथे जाऊन त्यांनी ते टिपलं आणि मगच त्याचं शास्त्र मांडलं. त्यांच्या या फिरतीतून जी यादी तयार झाली ती आज अभ्यासक्रम आहे; फिरती मात्र अभ्यासक्रमातून गळाली. गडचिरोलीला भातखंड्यांची यादी हवी आहेच, पण त्याहून जास्त त्यांची पायपीट हवी आहे.

कारण टिपण्यासारखं इथे किती आहे! दंडार आहे, जिच्यातून झाडीपट्टीचं नाटक उमललं असं झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर सांगत आले. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने उभी राहणारी खडी गंमत आहे. डाहाक्याची रात्रभर चालणारी गाणी आहेत, शिवरात्रीच्या सुमारास महादेवाला जाणाऱ्यांची गाणी आहेत. भामरागड-एटापल्लीकडे माडिया गोंडांचे ढोल आहेत, आणि रेला आहे. रेलाचं गाणं पायात असतं. एक रांग उचलते, दुसरी तेच परतवते, आणि गुंफलेल्या हातांमधून लय एकीकडून दुसरीकडे सरकते. नाचणाऱ्यांना थांबवून, खुर्चीवर बसवून ते गाणं लिहून घ्यायला गेलं तर हातात फक्त शब्द राहतात.

सगळ्यात नाजूक स्थिती प्रधानांच्या किंगरी या तंतुवाद्याची आहे. प्रधान हे गोंडांचे परंपरेने भाट. ठरलेल्या गोंड घराण्यांकडे जाऊन त्यांच्या कुळाच्या उत्पत्तीच्या कथा, देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा किंगरीवर गायच्या, हा त्यांचा मान आणि जबाबदारी. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी गोंडांची जी विभागणी आहे, तिचा इतिहास या गाण्यांत साठवलेला आहे. ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात चंद्रपूरच्या दक्षिणेला लागून असलेल्या आदिलाबादेत राहून राज गोंडांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी या प्रधानांकडूनच कथा ऐकल्या. परदेशातून आलेल्या माणसाला जो ग्रंथालयासारखा वाटला, तो किंगरीवादक शेजारच्याच जिल्ह्यातल्या महाविद्यालयात एखादी तासिका घेताना दिसायला हवा होता.

गोटुलाचं, म्हणजे गोंडांच्या युवागृहाचंही तसंच. वेरियर एल्विन यांनी १९४७ साली बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला. वाचकांचं लक्ष त्यातल्या तरुण-तरुणींच्या सहवासाकडेच अधिक गेलं. पण गोटुल ही शाळाही होती: थोरली मुलं धाकट्यांना गाणी, पावलं, ढोलाचे ठेके देत, आणि चुकलेलं त्याच रात्री सुधारलं जाई. संगीत शिकवण्याची इतकी जुनी रीत ज्या प्रदेशात आहे, तिथे अध्यापनशास्त्राचा धडा तिच्यापासून सुरू व्हायला हरकत नसावी.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. दोन-तृतीयांशांहून अधिक भूभाग जंगलाखाली असलेल्या या जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला २०११ साल उजाडलं. नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. ज्या विद्यापीठाच्या नावात गोंडवन आहे, त्याच्याकडून गोंडांच्या संगीताची अपेक्षा करणं हा हट्ट ठरू नये. मूळ नागपूर विद्यापीठ तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव धारण करतं, आणि तुकडोजी महाराज म्हटलं की विदर्भातल्या माणसाला आधी खंजिरी ऐकू येते. गुरुदेव सेवा मंडळांच्या भजनांतून खंजिरीवर बोटं फिरवणारी शेकडो मुलं चिमूर, ब्रह्मपुरी, आरमोरीकडे आहेत. कातडं किती ताणायचं, थाप कुठे खुली सोडायची, भजनाची लय वाढवताना गाणाऱ्याला कसं सोबत न्यायचं, हे त्यांना येतं. पदवीच्या प्रात्यक्षिकात ही बोटं तबल्यावरच्या बोटांच्या बरोबरीने मोजली गेली पाहिजेत.

यावर नेहमीचा आक्षेप असा की लोकसंगीत कार्यक्रमापुरतं ठीक, पण विद्यापीठात शास्त्र हवं. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची घडी बसवणारे डॉ. अशोक दा. रानडे यांनी आयुष्यभर या समजुतीशी झुंज घेतली. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी त्यांनी मांडल्या. प्रत्येकीची प्रेरणा वेगळी, सादरीकरणाचे नियम वेगळे, म्हणून मोजमापही वेगळं. ख्यालाच्या फुटपट्टीने रेला मोजला तर तो ठेंगणाच ठरणार. रानड्यांचं हे विचारधन मराठीत उपलब्ध आहे. त्याचा सर्वांत जास्त उपयोग व्हावा असा प्रदेश पूर्व विदर्भच आहे.

शिवाय दुसरीकडे हे झालेलंही आहे. केरळात कवी वळ्ळत्तोळ यांच्या पुढाकाराने १९३० साली कलामंडलम सुरू झालं. कथकळीचे आशान, चेंडा-मद्दळाचे वादक तिथे शिक्षक झाले आणि २००६ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. फिनलंडच्या सिबेलियस अकादमीने १९८३ साली लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग काढला. तिथले विद्यार्थी कांतेले हे तंतुवाद्य हाताने वाजवून शिकतात, जुन्या ध्वनिमुद्रणांवर कान तयार करतात आणि स्वतःचं नवंही रचतात.

आणि इतकं लांब कशाला जायचं? गडचिरोलीची पूर्वेची हद्द ओलांडली की छत्तीसगडातला जुना राजनांदगाव प्रदेश लागतो, आणि त्याच प्रदेशात खैरागढ आहे. तिथल्या राजदांपत्याने आपला राजवाडा देऊन १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं केलं. त्याचे पहिले कुलगुरू मराठी होते: भातखंड्यांचे शिष्य, पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. त्या विद्यापीठात आज लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग आहे. एका मराठी पंडिताने जंगलपट्ट्यातल्या छोट्या गावात कला-विद्यापीठाची पायाभरणी केली, ही घटना महाराष्ट्रात फारशी आठवली जात नाही. पुण्याच्या विद्यापीठाने १९८७ साली ललित कला केंद्र काढून गुरुकुलाची वाट पदवीशी जोडली. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. पुण्या-मुंबईत जे जमलं ते वडशाच्या शेजारी जमायला खरं तर सोपं आहे, कारण इथे कलावंत शोधत फिरावं लागत नाही.

अडचण शिकवणाऱ्यांच्या नेमणुकीची आहे. झाडीपट्टीचे नट, गुर्नोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली; पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे भूमिका ही त्यांची कमाई. अशा माणसाला वर्गात बोलवायचं तर नियम आडवे येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत पारंपरिक कलावंताला सहायक प्राध्यापक होण्याची वाट ठेवलेली आहे, पण त्यालाही विषयातली पदवी लागते, आकाशवाणी-दूरदर्शनच्या ‘ए’ श्रेणीचा उल्लेख येतो. किंगरी वाजवणारा प्रधान या दारातून आत येणार कसा? मात्र २०२२ साली आयोगानेच ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’चं दार उघडलं. त्यात औपचारिक पदवीची अट नाही, पंधरा वर्षांचा अनुभव पुरतो, ललित कलांचा त्यात समावेश आहे आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. नियम आता हाताशी आहे. तो वापरण्याची इच्छा हवी.

झाडीपट्टीचं सगळंच उत्तम चाललं आहे असंही कुणी समजू नये. नाटकांत चित्रपटगीतांच्या उचललेल्या चाली वाढल्या आहेत. ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या आवाजात ढोलकीचा खालचा घुमारा बुडतो. ध्वनिवर्धक इतके चढवलेले असतात की नटाच्या गळ्यातली हरकत ऐकूच येत नाही. नव्या वादकाला एका रात्रीची ‘नाईट’ मिळते, पण स्वरज्ञान पक्कं करायला कुणी सांगत नाही, आणि गळा बसला तर तो कसा सांभाळायचा हेही कुणी शिकवत नाही. इथे विद्यापीठाची खरी गरज आहे. राग-तालाची शिस्त, आवाजाची निगा, स्वरलिपी, ध्वनिमुद्रण, करार वाचण्याची समज हे वर्गातून रंगमंचाकडे जायला हवं, आणि उत्स्फूर्तता, सोबतीचं भान, रात्रभराचा दम हे रंगमंचावरून वर्गात यायला हवं.

भाषेचाही प्रश्न आहे. झाडीबोलीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचं पानी होतं. वर्गात गाताना ही मुलं पहिल्याच दिवशी टोकली जातात आणि उच्चारासकट गळाही आक्रसतो. प्रमाण मराठीतलं पद प्रमाण उच्चाराने गावं, यात वाद नाही. पण दंडारीचं गाणं त्याच्या बोलीतच गावं लागतं, कारण त्या चालीचे आघात त्या बोलीच्या अक्षरांवर बसवलेले आहेत. दोन्ही येणारा गायक हा अधिक तयार गायक असतो.

मग उरतं वेळापत्रक. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळी ते होळी. महाविद्यालयाचं हिवाळी सत्रही नेमकं तेव्हाच. नाटकात वाजवणारा विद्यार्थी हजेरीच्या टक्क्यात अडकतो आणि दोहोंपैकी एक सोडतो. बहुतेकदा महाविद्यालयच सुटतं, कारण नाईटचे पैसे घरी लागतात. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यानुभव यांना श्रेयांक दिले आहेत. हंगामातले पंचवीस प्रयोग, त्यांची नोंदवही, कंपनीच्या संगीतकाराचा अभिप्राय आणि शेवटी गावकऱ्यांसमोर, प्रत्यक्ष प्रयोगात घेतलेली परीक्षा, एवढं एका सत्रासाठी पुरेसं आहे. परीक्षकांनी वडशाला यावं, शामियान्यात बसावं आणि पहाटेपर्यंत ऐकावं.

अभ्यास मंडळं पुढच्या वर्षाचे अभ्यासक्रम उन्हाळ्यात ठरवतात, वडशाच्या कंपन्या आपल्या तारखा दिवाळीच्या तोंडावर. मधल्या महिन्यांत विद्यापीठाने एक दंडारीचा शाहीर, एक ऑर्गनवादक, एक रेला गाणारी माडिया बाई आणि एक किंगरीवाला प्रधान अभ्यास मंडळाच्या बैठकीला बोलवावा, प्रवासखर्च आणि मानधन देऊन, आणि पहिला मसुदा त्यांच्यासमोर वाचावा.