‘संपन्न’ फेन: कशाने संपन्न?
फेन म्हणजे भूजलावर पोसलेली, पीट साचलेली दलदल. स्वीडनमध्ये ह्यूगो श्योर्स यांनी १९५० साली अशा दलदलींतल्या वनस्पतिगटांची सांगड पाण्याचा सामू आणि विद्युतवाहकता यांच्याशी घातली. वनस्पतींची यादी वेगळी, पाण्याचे मोजमाप वेगळे. म्हणून हे वर्गीकरण पटते. खटकतात ती नावे: ‘गरीब’ फेन, ‘संपन्न’ फेन. वर्गात हे ऐकून मुले खताचाच विचार करणार! प्रत्यक्षात ‘संपन्न’ फेनमध्ये कॅल्शियम भरपूर, स्कॉर्पिडियमसारखी मॉस. पण फॉस्फरस कॅल्शियमशी बांधला जाऊन बहुधा तुटपुंजाच. शेतातले खत तिथे झिरपले, तर बोरूसारखी उंच गवते माजतात आणि ज्यांच्यावरून ती दलदल ओळखायची, ती ठेंगणी मॉसच हटतात. सामू मात्र जवळपास तोच राहू शकतो.